नळी ठेवावी की काडतुसं

लेम्पी सालमेलाला कुठलीही गोष्ट ठरवायला कधी वेळ लागला नव्हता. रेइनोने लग्नाचं विचारलं तेव्हा ती गाईची धार काढत होती. तिने मान न वळवता हो म्हटलं आणि भरलेली बादली त्याच्या हातात दिली. पुढे घर कुठं बांधायचं, म्हातारी गाय कधी विकायची, चर्चच्या भांडणात कुणाच्या बाजूला बसायचं, सगळं असंच, हातातलं काम न थांबवता. त्यामुळे एकोणसत्तराव्या वर्षी एका लोखंडी नळीपायी ती सप्टेंबरभर गोंधळून फिरली, तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांत त्याची चर्चा झाली.

नळी होती रायफलची. पंचवीस-पस्तीसची रायफल. म्हणजे लहान काडतुसाची, धक्का कमी देणारी, आता दुकानात जिची काडतुसं मिळत नाहीत अशी. युद्ध संपल्यावर रेइनो आणि लेम्पीने ती जुनीच घेतली होती. दुसरी घ्यायची ऐपत तेव्हा नव्हती, आणि ऐपत आली तेव्हा सवय लागून गेली होती. एक रायफल आणि शिकारी दोन. मग त्यांनी वाटणी केली. विषम तारखेला रेइनो जंगलात बसायचा आणि लेम्पी कॅम्पवर चूल सांभाळायची. सम तारखेला लेम्पी बसायची आणि रेइनो बटाटे करपवायचा. हरणांचा हंगाम उघडतो पंधरा नोव्हेंबरला. पंधरा विषम. म्हणजे एक्केचाळीस वर्षं पहिला दिवस रेइनोचा. लेम्पीच्या हे दुसऱ्याच वर्षी लक्षात आलं होतं, पण शब्द देऊन बसली होती. रेइनोचा धाकटा भाऊ आर्वो दरवर्षी कॅम्पवर तेच म्हणायचा, की या घरात दात घासायचे ब्रश दोन आहेत, म्हणजे प्रगती आहे.

तरीही हरणं जास्त लेम्पीनेच मारली. ते नळीवर दिसायचं. नळी गोल नव्हती, आठ पैलूंची होती, पेन्सिलीसारखी. डाव्या पैलूवर रेइनोच्या खुणा, उजव्यावर लेम्पीच्या, कानशीने घासलेल्या बारीक रेघा. रेइनोच्या एकोणीस. लेम्पीच्या तेवीस. दोन्हीकडच्या रेघा घासायचा रेइनोच, आणि लेम्पीची रेघ घासताना कानस जरा जोरात चालवायचा.

रेइनो गेला गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. मातीला आलेली माणसं घरात मावेनात, कोट ठेवायला जागा नाही, म्हणून लेम्पीने स्वयंपाकघरातल्या खुंट्यांवरची रायफल उचलली आणि अंगणातल्या साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत, जिथे आपण कपडे काढून ठेवतो तिथे, कोपऱ्यात उभी करून आली. तात्पुरती. माणसं गेली, कोट गेले, आणि रायफल तिथेच राहिली. खुंट्या रिकाम्या बघणं सोपं जायचं. दर शनिवारी साउना तापायची, दगडांवर पाणी पडायचं, दार उघडलं की वाफेचा लोट त्या खोलीत यायचा, आणि रायफल तोंड वर करून तो गिळत उभी असायची. आमच्याकडे पोराला चालायला यायच्या आधी शिकवतात, की थंडीतून आणलेली बंदूक गरम खोलीत आणायची नाही, तिला घाम फुटतो. लेम्पीनेच तिच्या दोन्ही मुलींना शिकवलं होतं. आणि तिनेच दीड वर्ष रायफल वाफेत ठेवली.

या ऑगस्टमध्ये तिने मनात ठरवलं, की यंदा जायचं. पंधरा तारखेला. पहिला दिवस तिने कधी बघितलाच नव्हता. आर्वोला तसं सांगितलंही. मग साउनात जाऊन रायफल उचलली, खिडकीकडे धरून नळीतून बघितलं, आणि खाली बाकावर बसली.

बंदुका दुरुस्त करणारा विल्बर ट्रेलोर गावाबाहेर राहतो. त्याची माणसं फार पूर्वी तांब्याच्या खाणीत काम करायला कॉर्नवॉलहून आली. लेम्पी त्याच्या आईबरोबर चर्चच्या स्वयंपाकघरात पास्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, लाटायची, म्हणून ती त्याला अरेतुरे करते आणि तो तिला मिसेस सालमेला म्हणतो. त्याने नळीत बारीक दिवा सोडला, बराच वेळ डोळा लावून बसला, आणि म्हणाला की आतले पिळाचे आटे गंजाने खाल्लेत, तोंडाकडून आत वीतभर तर खड्डेच आहेत. कुठे ठेवली होती, असं त्याने विचारलं. घरात, असं लेम्पीने सांगितलं. त्याने दिवा विझवला.

मग त्याने दोन रस्ते सांगितले. एक, नळी आयडाहोतल्या एका माणसाकडे पाठवायची. तो आतून भोक मोठं करतो आणि नवे आटे पाडतो. खड्डे निघून जातात, बाहेरून नळी आहे तशी राहते, रेघांसकट. मात्र मग ती पंचवीस-पस्तीस राहत नाही, तीस-तीस होते. तीस-तीसची काडतुसं पेट्रोल पंपावरही मिळतात. दोन, जुनी नळी काढून पंचवीस-पस्तीसचीच नवी बसवायची. पैसे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच पडतील, असं तो म्हणाला. लेम्पीला वाईट वाटलं. निदान त्यात तरी फरक असता तर आधार मिळाला असता.

कारण घरी तळघरात कॉफीच्या डब्यात, रेइनोच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली, अकरा काडतुसं होती. दुकानात मिळत नसल्यामुळे रेइनो स्वतःच भरायचा. शेवटच्या ऑक्टोबरात त्याने ही भरली होती. लेम्पीने हिशोब केला होता, की वर्षाला एक म्हटलं तरी ऐंशी वर्षांची होईपर्यंत पुरतील, आणि त्यापुढे कोण बसतंय थंडीत. भोक मोठं केलं तर या अकरांचं काही होणार नव्हतं. नवी नळी बसवली तर बेचाळीस रेघा गेल्या.

तिने सांगितलं, भोक कर. ट्रेलोरने घोड्याखालच्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि त्यावर तसं लिहिलं.

घरी येऊन तिने वेलचीचा पाव मळायला घेतला आणि मळता मळता थांबली. रेइनोने त्या डब्यात हात घालून एकेक काडतूस मोज्यात ठेवलं होतं. रेघा काय, रेघा तर लोखंडावर होत्या. तिने पिठाच्या हातांनी फोन केला. ट्रेलोरने चिठ्ठीवर खोडलं आणि नवी नळी असं लिहिलं.

शेजारीण सायमी कॉफीला आली. सायमीचं मत पडलं, की नवी नळी बसवावी आणि तिच्यावर तेवढ्याच रेघा पुन्हा घासून घ्याव्यात. ट्रेलोर घासून देईल.

"ट्रेलोरने मारली का ती हरणं?" लेम्पी म्हणाली.

"मग जुनी नळी भिंतीवर टांग."

"आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगू? हा पडद्याचा गज आहे म्हणून?"

सायमीने पावाचा दुसरा तुकडा घेतला आणि बरं, मग भोक कर, असं म्हणून विषय संपवला. ती उठून गेल्यावर लेम्पीला भोक करणंच बरोबर वाटायला लागलं, आणि सायमीने सांगितलंय म्हणजे ते बरोबर नसेलही, असंही वाटायला लागलं. शुक्रवारी तिने पुन्हा फोन केला.

आर्वो रविवारी आला. त्याच्याकडे तीन रायफली आहेत, त्यातली हवी ती घे असं तो म्हणाला. त्याला तिचं दुःख समजत नव्हतं असं नाही. पण आर्वोची समजूत काढायची पद्धत म्हणजे वस्तू पुढे करणं. लेम्पीने त्याला मुळा घालून केलेली पास्टी वाढली. त्याने तिच्यावर टोमॅटो सॉस ओतला, तिने तोंड वाकडं केलं. मग तो म्हणाला की नळीच्या आत दुसरी बारीक नळी बसवून घेतात म्हणे, म्हणजे रेघाही राहतील आणि काडतुसंही चालतील. लेम्पी इतकी उजळली, की ताट तसंच टाकून फोनकडे गेली. ट्रेलोरने ऐकून घेतलं आणि सांगितलं की लहान काडतुसांना ते चालतं, या काडतुसाचा जोर जास्त आहे, दुसरा कुणी करतही असेल, पण मी करून देणार नाही, कारण मागे गाल तुमचा असणार. आर्वोने तोवर तिचीही पास्टी संपवली होती.

असं तीन आठवडे चाललं. ती अंडी गोळा करायला गेल्यासारखी रोज सकाळी तळघरात जायची, मोजा उघडायची, काडतुसं मोजायची. अकरा. मग वर येऊन खुंट्यांकडे बघायची. शेवटी ट्रेलोरने स्वतः फोन केला. नळी आयडाहोला पाठवायची असेल तर सोमवारच्या टपालात गेली पाहिजे, नाहीतर पंधरा नोव्हेंबरच्या आत परत येणार नाही. आणि काही कापाकापी करण्याआधी कागदावर दोन गोळ्या मारून बघायला हव्यात. कधी कधी खराब दिसणारी नळीही सरळ मारते. काडतुसं घेऊन या.

लेम्पीला हे पटेना. अकरातली दोन कागदावर? पण सरळ मारते हे शब्द ऐकल्यावर तिच्या मनाने तेच धरलं. सरळ मारली तर काहीच ठरवायला नको. शनिवारी सकाळी ती डबा मांडीवर घेऊन ट्रक चालवत गेली.

ट्रेलोरच्या बाकावर चिठ्ठी पडली होती. तिच्यावर भोक, नवी नळी, भोक, नवी नळी, आत नळी, असं सगळं लिहून खोडलेलं. खाली जागा उरली नव्हती म्हणून त्याने मागची बाजू सुरू केली होती.

त्याने मोजा उघडला आणि काडतुसं एकेक करून काट्यावर ठेवायला लागला. हे काय, असं तिने विचारलं. दुसऱ्याच्या हातची काडतुसं वजन केल्याशिवाय मी उडवत नाही, असं त्याने सांगितलं. रेइनोचा हात तुझ्यापेक्षा काटेकोर होता, असं लेम्पी म्हणाली. होता, असं तो म्हणाला, आणि वजन करत राहिला. आठ काडतुसं त्याने डावीकडे ठेवली. तीन उजवीकडे. मग त्या तिन्हींचं पुन्हा वजन केलं.

"बोल ना," लेम्पी म्हणाली.

"ही तीन हलकी आहेत, मिसेस सालमेला. यांच्यात दारू नाही."

"कमी आहे?"

"नाहीच. ठिणगीची टोपी बसवली, गोळी बसवली, मधली दारू राहिली. उडवली असती तर गोळी नळीतच अडकली असती. आणि मागून दुसरी मारली असती तर नळी तोंडावर फुटली असती."

लेम्पी स्टुलावर बसली. तिला तो ऑक्टोबर आठवला. ती वर वाटाणे निवडत असायची आणि तळघरातून रेइनोचा मोजल्याचा आवाज यायचा. एक, दोन, तीन, चार. थोडा वेळ शांत. मग पुन्हा एक, दोन. ती मनात म्हणायची, किती काळजीने करतो हा माणूस. त्याच महिन्यात त्याने कॉफीत दोनदा मीठ घातलं होतं आणि तिने दोन्ही वेळा ती पिऊन टाकली होती. मुलींना सांगितलं नाही. डॉक्टरला तर नाहीच. आणि आता ही तीन बाकावर पडली होती, बाहेरून अगदी बाकीच्यांसारखी.

ट्रेलोरने कॉफी ओतून दिली. तिने ती तशीच हातात धरली.

"विल्बर, मी ती घरात नव्हती ठेवली," ती म्हणाली. "साउनात होती. दीड वर्ष."

"माहीत आहे. पहिल्या दिवशीच लाकडाला साउनातल्या बर्चच्या पाल्याचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही घरात म्हणालात." त्याने नळीवरून बोट फिरवलं. "पण नुसत्या वाफेने एवढे खड्डे पडत नाहीत. ही शेवटची उडवल्यावर पुसलीच गेली नव्हती. जुन्या टोप्यांचा क्षार असतो, तो आत राहिला, त्यावर वाफ बसली. पुसून ठेवली असती तर वरवरचा गंज आला असता, बस."

"रेइनोने न पुसता कधी ठेवली नाही. एक्केचाळीस वर्षांत कधी नाही."

एवढं बोलून लेम्पीनेच सावकाश मान हलवली. शेवटच्या नोव्हेंबरात, शेवटच्या विषम दिवशी, रेइनोने कॅम्पवर येऊन रायफल टेकवली होती आणि पुसायची दोरी आणि चिंधी शोधत बराच वेळ सगळीकडे फिरला होता. दोन्ही त्याच्या खिशात होती. मग ती जेवायला वाढायला लागली आणि पुसायचं राहिलं.

मागच्या अंगणात त्याने पुठ्ठ्याला कागद लावला आणि रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दिली. गोळी झाडायची तिनेच, असं तिने सांगितलं. आठातली दोन. पहिलीला धक्का तोच, आवाज तोच, खांद्याला ओळखीचा. दुसरीही तशीच. मग दोघं चालत कागदापर्यंत गेले. एक भोक वरच्या कोपऱ्यात होतं आणि गोल नव्हतं, कुणी किल्ली दाबून उमटवावी तसं लांबट. गोळी आडवी पडून आली होती. दुसरी कागदालाच लागली नव्हती.

आता तरी ठरवणं सोपं व्हावं की नाही. पण नाही. सहा चांगली काडतुसं होतीच. सहा म्हणजे पंचाहत्तरीपर्यंत. ट्रेलोरने वजन केलेली, भरवशाची. ती म्हणाली नवी नळी. ट्रेलोरने चिठ्ठीच्या मागे लिहिलं. ती डबा घेऊन ट्रकमध्ये बसली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, डावीकडे वळायचा दिवा लावला, आणि तो तसाच टिकटिकत ठेवून थांबली. मागे दूधवाल्याची गाडी येऊन उभी राहिली. त्याने भोंगा वाजवला नाही, सालमेलांचा ट्रक सगळ्यांना माहीत आहे. शेवटी ती मागे वळवून परत आली.

"भोक पाडताना आतलं किती जातं?" तिने दारातूनच विचारलं.

"खड्डे जातील तेवढं. गंज, क्षार, सगळं छिलून निघतं. बाहेरचं हलत नाही."

"त्याने न पुसलेलं जाईल आणि माझी वाफ जाईल."

"जाईल."

"मग पाठव," लेम्पी म्हणाली. "आणि मी फोन केला तर उचलू नकोस."

तिने फोन केला. रविवारी दोनदा. ट्रेलोरने उचलला नाही.

नळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. लेम्पीने रेघा मोजल्या. डावीकडे एकोणीस, उजवीकडे तेवीस. आतून बघितलं तर आरशासारखं चकचकीत, आणि परकं. पेट्रोल पंपावर तीस-तीसची पेटी घेतली. काडतूस बोटांत धरलं तर जाडगेलं वाटलं, पाहुण्याच्या पोरासारखं. सहा चांगली आणि तीन हलकी तिने मोज्यात एकत्रच गुंडाळून डब्यात ठेवली. मग ती खाली जाऊन वेगळी करावीत की काय म्हणून दोनदा उठली, आणि दोनदा बसली.

पंधरा तारखेला उजाडताना ती रेइनो बसायचा त्या झाडाखाली बसली होती. अंगात रेइनोचा लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट, त्यावर कोट. पहिला दिवस तिला वाटला होता तसा नव्हता. सोळा तारखेसारखाच होता, फक्त चारी बाजूंनी बंदुका जास्त वाजत होत्या. साडेआठला देवदारांतून एक शिंगवाला नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. इतक्या जवळ, की त्याच्या नाकाची वाफ दिसत होती. लेम्पीने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. धक्का वेगळा, आवाज वेगळा. हरणाने तिच्याकडे बघितलं आणि पळून गेलं. बर्फावर रक्ताचा थेंब नाही, केस नाही. तिने तासभर शोधलं.

कॅम्पवर नियम एकच. नेम चुकला की शर्टाचा मागचा पदर कापून भिंतीला ठोकायचा, खाली नाव आणि साल. आर्वोने तिचं तोंड बघितलं आणि खिळ्याला अडकवलेली कात्री काढली. दोन वर्षांनी आर्वो हसताना दिसला, असं बाकीचे म्हणाले. लेम्पी पाठ करून उभी राहिली. आर्वोने तिचा कोट वर केला आणि तसाच थांबला.

"याला पदरच नाही."

सगळे बघायला आले. शर्ट मागे सरळ कापलेला होता, लेम्पीनेच नंतर त्याला दुमड घातली होती. मग कुणीतरी भिंतीकडे बघितलं. खिडकीच्या वर, लाल-काळा तुकडा, रेइनो, आणि चौदा वर्षांपूर्वीचं साल.

आता काय करायचं ते कुणालाच कळेना. आर्वो म्हणाला, एका शर्टाला दोनदा शिक्षा नाही. दुसरा म्हणाला, शर्टाला नाही, माणसाला शिक्षा असते. तिसऱ्याने विचारलं की नेम चुकला की नळी. लेम्पी चुलीजवळ बसून हेच सकाळपासून स्वतःला विचारत होती. नवी गोळी जड, खाली पडत असेल. किंवा तिनेच चाप झटकला असेल. किंवा नवी नळी घेणंच बरोबर असेल आणि भोक करणं चूक, किंवा उलटं. नळी परत आल्यावर ट्रेलोरकडे कागदावर तीन मारल्या होत्या आणि तिन्ही एका बशीखाली झाकल्या गेल्या असत्या, म्हणजे नळीला काही म्हणता येत नव्हतं.

"आज तारीख काय?" तिने विचारलं.

"पंधरा," आर्वो म्हणाला. "ऑगस्टपासून हेच तर चाललंय तुझं."

"विषम. म्हणजे आज बसायची पाळी रेइनोची. चुकला तो."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी त्याचा शर्ट घालून बसले होते."

तिने आर्वोच्या हातून कात्री घेतली, डावी बाही पुढे ओढली आणि मनगटाची पट्टी बटणासकट कापली. खिळा तिनेच ठोकला, खिडकीच्या वर, जुन्या तुकड्याच्या शेजारी. नाव काय लिहायचं म्हणून पेन्सिल धरून थोडा वेळ उभी राहिली. मग नुसतं साल लिहिलं.

त्यानंतर तिने खिशातून दोरी आणि चिंधी काढली, टेबलाजवळ बसली आणि नळी पुसायला घेतली, तोंडापासून आतपर्यंत, तीनदा. आर्वोने विचारलं की बटाटे कोण करणार. तूच कर आणि करपव, असं ती म्हणाली. पुसून झाल्यावर रायफल तिने बाहेर थंड ओसरीत टेकवून ठेवली. उद्या सोळा होती.